हिवाळ्यात खुडूक कोंबडीखाली पिल्लं वाढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाताची मळणी आटोपली की खानापूर भागात थंडी खरी जाणवायला लागते. आमच्या जांबोटीच्या बाजूला सकाळी आठ वाजले तरी धुकं हलत नाही. नेमकी याच दिवसांत घरातली एखादी कोंबडी खुडूक बसते, म्हणजे अंडी घालायचं थांबवून ती उबवायला बसते, आणि शेजारणी, पाहुणे, बाजारात भेटणाऱ्या बायका सगळ्या मला तेच ते प्रश्न विचारतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात परड्यात दहा-वीस गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ती उत्तरं एका जागी लिहिली आहेत. पोल्ट्रीच्या शेडचं गणित वेगळं असतं, तिथे यातलं काही लावायला जाऊ नका.

एवढ्या थंडीत कोंबडी बसवावी का? की शिमगा होईपर्यंत थांबू?

बसवा की. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १३-१४ अंशांपर्यंत येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली जातो. अंगात स्वेटर घालून आपण कुडकुडतो हे खरं. पण कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. तिच्या पोटाखाली शिरलेल्या पिल्लाला बाहेर १२ अंश आहेत का २२, याचा पत्ताही नसतो.

उलट हिवाळ्याचे फायदे आहेत, ते कुणी मोजत नाही. एप्रिलात घरातली अंडी चार दिवसांत बिघडायला लागतात, कारण खोलीच इतकी तापते की कोंबडी बसायच्या आधीच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि मरते. थंडीत माजघरातली टोपली अंडी ठेवायला जवळजवळ आदर्श. नवी पिंजर (भाताचं वाळलेलं गवत), नवं तूस घरात आलेलं असतं. खळ्यावर सांडलेलं भात पंधरा-वीस दिवस पुरतं. आणि मार्गशीर्षात निघालेले नर वैशाखापर्यंत किलोभराचे होतात, म्हणजे ऐन जत्रांच्या तोंडावर. गावात महालक्ष्मीची यात्रा असली तर गावठी नराला मागाल तो भाव येतो.

हिवाळ्यात माझी बरीच पिल्लं गेली आहेत, लपवत नाही. पण नुसत्या थंडीनं गेली असं म्हणता येईल अशी फार थोडी. बाकीची ओलीनं गेली, वाऱ्याच्या झोतानं गेली, नाहीतर माझ्याच अतिकाळजीनं गेली. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

कोंबडी खरंच खुडूक बसली आहे हे कसं ओळखायचं?

अंडं घालायला बसलेली कोंबडी तासा-दोन तासांत उठून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत बाहेर येते. खुडूक कोंबडी गप्प बसते. रात्री बाकीच्या दांडीवर चढतात, ही बुट्टीतच (टोपलीतच) राहते. हात पुढे केला की पिसं फुलवून अंग दुप्पट करते, घशातून गुरगुरते, आणि हात मागे घेतला नाही तर टोचते. पोटाखाली हात घालून बघा, तिथली पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते, तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखी गरम. खाली उतरली की चालता चालता ‘कुडूक कुडूक’ करते. त्या आवाजावरूनच खुडूक म्हणतात असं आमची आजी सांगायची.

एका दिवसावर भरवसा ठेवू नका. दोन अंडी, जी फुकट गेली तरी चालतील अशी, तिच्याखाली ठेवून दोन रात्री बघा. तिसऱ्या दिवशीही बसलेली असली तर रात्री ती काढून चांगली अंडी ठेवा. दिवसा बदलू नका. उजेडात ती शंका घेते.

(सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर कन्नड असले आणि तुमची जीभ अडत असली तर ‘कोळी काविगे कूतद’, म्हणजे कोंबडी उबवायला बसली आहे, एवढं म्हणा. पुढचं त्यांना कळतं.)

आमच्याकडे गिरिराजा आहेत. त्यातली एकही खुडूक होत नाही. काय करू?

काही करू नका, ती सहसा होणारही नाही. गिरिराजा ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली जात. वजन आणि अंडी यांच्यासाठी निवड करत गेलं की बसण्याचा स्वभाव मागे पडतो, कारण खुडूक कोंबडी अंडी घालायचं बंद करते. एक-दोन गावठी कोंबड्या पाळा आणि गिरिराजाची अंडी त्यांच्याखाली द्या. मात्र अंडी मोठी असतात, तेव्हा आठाच्या वर नको.

किती अंडी ठेवायची?

उन्हाळ्यात ज्या कोंबडीखाली १२-१३ अंडी ठेवता, तिलाच हिवाळ्यात ९ द्या. अंगानं मोठी असली तर ११. याहून जास्त नाही.

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि मीही चुकले आहे. एका वर्षी हाताशी चांगली अंडी होती म्हणून बारक्या, तांबड्या कोंबडीखाली पंधरा घातली. मनात हिशेब असा, की पंधरातली चार बाहेर राहून गार पडली तरी अकरा निघतील. तसं होत नाही. कोंबडी दिवसभरात कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. म्हणजे त्या चार जागांवर रोज वेगळी अंडी गारठत गेली. एकविसाव्या दिवशी निघाली पाच पिल्लं. बाकीची फोडून बघितली तर कुठे आठ दिवसांचं, कुठे पंधरा दिवसांचं पिल्लू आतच मेलेलं. जास्तीचं एक अंडं स्वतः तर जातंच, दुसऱ्यांनाही घेऊन जातं.

ओळखायची खूण सोपी आहे. कोंबडी पसरून बसली की समोरून, बाजूनं, मागून बघा. एकही अंडं दिसता कामा नये.

आपल्याकडे रवण, म्हणजे एका वेळी कोंबडीखाली ठेवायची अंडी, विषम आकड्याचं ठेवतात. नऊ ठेवलीत तर रीतही पाळली जाते.

बुट्टीत खिळा आणि कोळसा ठेवावा का?

ठेवायचा तर ठेवा, अंड्यांना त्याचा त्रास नाही. गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून ती पद्धत पडली, आणि पौषात गडगडाट होतो कुठे! पण सासूबाईंनी ठेवला असेल तर काढायला जाऊ नका. घरातली शांतताही महत्त्वाची.

अंडी कुठली घ्यावी आणि किती जुनी चालतात?

कळपात नर फिरतो आहे ना, हे आधी बघा. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. त्या कोंबड्यांनी नर पाहिलेलाच नसतो. सात दिवसांच्या आतली अंडी उत्तम, दहापर्यंत चालतात, पुढे भरवसा नाही. टोकाची बाजू खाली करून ठेवा, फ्रिजमध्ये नको. शेण लागलेलं अंडं धुऊ नका. धुतलं की कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं आणि घाण आत शिरायला मोकळी. फार मळलेलं असलं तर ते खाऊन टाका, बसवू नका. आणि सगळी अंडी एकाच रात्री ठेवा. रोज एकेक वाढवत गेलात तर पिल्लंही रोज एकेक निघतील, आणि पहिली दोन निघाली की आई उठून चालू लागेल.

कोंबडी कुठे बसवायची? खाली काय घालायचं?

चुलीच्या किंवा न्हाणीघरातल्या बंबाच्या भिंतीला पाठ लागेल अशी आतली जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. नाहीतर गोठ्याचा कोपरा. गुरांच्या श्वासानंच गोठा बाहेरच्यापेक्षा ऊबदार राहतो. फक्त म्हशीचा पाय पडणार नाही आणि मूत वाहत येणार नाही असं बघा.

बुट्टी जमिनीवर थेट ठेवू नका. सारवलेली जमीन दिसायला कोरडी असते, पण पहाटे हात लावून बघा, गारवा आणि ओल दोन्ही वर येतात. खाली दुहेरी गोणपाट, त्यावर बुट्टी, बुट्टीत चार बोटं राख मिसळलेली कोरडी माती, तिला मधे उथळ खळगा, आणि त्यावर पिंजर. खळगा फार खोल केला तर अंडी एकमेकांवर चढून फुटतात.

पिंजर उन्हात वाळवून घ्या आणि नाकाशी धरा. कुबट वास आला तर गुरांनाही घालू नका, पिल्लांखाली तर नाहीच. बुरशीची धूळ पिल्लांच्या फुप्फुसात जाते, ती तोंड उघडून धापा टाकायला लागतात, आणि तिथून पुढे औषधाचा उपयोग होत नाही. कापणीला पाऊस लागला असेल त्या वर्षीची पिंजर विशेष बघून घ्या. उसाचं पाचट मला आवडत नाही, त्याच्या कडा कापतात. सुतारकामाचा बारीक भुसाही नको, पिल्लं तो दाणा समजून खातात.

वारा कुठून येतो ते रात्री उदबत्ती लावून बघा. पिल्लांच्या उंचीवर धूर आडवा पळत असेल तर तिथे पोतं लावा. पण वर, छताजवळ, फट राहू द्या. सगळं बंद केलं की श्वासाची आणि विष्ठेची वाफ आत कोंडते, भिंतींना पाणी सुटतं आणि पिंजर ओलावते.

निपाणीकडे पिसवांसाठी बुट्टीत तंबाखूचा चुरा घालतात. तंबाखूचा वास पिसवांना सोसत नाही हे खरं, पण चुरा वर राहिला तर पिल्लं चोच मारतात, आणि तंबाखू त्यांना विषच. घालायचाच तर खालच्या मातीत चिमूटभर पुरा, पिल्लं निघायच्या आधी ती माती बदला. मी निरगुडीचा आणि कडुनिंबाचा पाला घालते.

ती उठतच नाही. उपाशी मरेल का? आणि उठली तर अंडी गार होतील का?

दोन्हीची भीती नको. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत खाते, पिते, राखेत लोळते, एकच पण मोठी आणि घाणेरडी विष्ठा टाकते, आणि परत येते. तेवढ्यात अंडं आतून गार होत नाही. थंडीत ती स्वतःच लवकर परतते. दोन दिवस हललीच नाही तर दुपारी, उन्हाच्या वेळी, दोन्ही हातांनी अलगद उचलून बाहेर ठेवा. उचलण्याआधी पंखाखाली बघा, कधी कधी अंडं तिथे अडकलेलं असतं आणि पडून फुटतं.

तिला या दिवसांत कोंडा नको, सबंध दाणा द्या. जोंधळा, मका, भात. सबंध दाणा पोटात बराच वेळ टिकतो.

रात्री काही कारणानं ती उठून गेली आणि सकाळी अंडी थंडगार सापडली, तर लगेच फेकू नका. परत बसवा. पाच दिवसांनी उजेडात धरून बघा. काही वाचलेली असतात, फक्त एखादा दिवस उशिरा फुटतात.

अंड्यात पिल्लू आहे का हे आधी कळतं का?

सातव्या-आठव्या रात्री कळतं. अंधारात मोबाईलची बॅटरी अंड्याच्या रुंद बाजूला टेकवा. जिवंत अंड्यात कोळ्यासारखा एक ठिपका आणि त्यातून पसरलेल्या लाल शिरा दिसतात. नीट बघितलं तर ठिपका हलतोही. मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा माझ्या नातवानं त्यानंतर आठवडाभर आम्लेट खाल्लं नाही. नुसतं पिवळट, स्वच्छ दिसलं तर ते पोकळ, काढून टाका. कडेनं लाल गोल कडं असलं तर आतलं मेलं आहे. हिवाळ्यात हे तपासणं जास्त गरजेचं, कारण रिकाम्या अंड्यावर कोंबडीची ऊब वाया जाते.

एकविसावा दिवस आला. अंड्याला भोक पडलंय, पण पिल्लू बाहेर येत नाही. फोडू का?

नको. भोक पडल्यापासून बाहेर यायला बारा तासांपासून दिवसभर लागू शकतो. त्या वेळात पिल्लू आतल्या पडद्यातलं रक्त आणि उरलेलं बलक अंगात ओढून घेत असतं. आपण घाईनं सोललं की रक्त येतं आणि ते मरतं. त्यात थंडीचे दिवस. सारखं कोंबडीला उचलून बघितलं की ओली पिल्लं गारठतात आणि अंड्यातला पडदा वाळून पिल्लाला आवळतो. दिवसातून एकदा, दुपारी, रिकामी कवचं काढायला तेवढा हात घाला.

पूर्ण दिवस उलटला, आत आवाज आहे, आणि भोक तेवढंच आहे, तर कोमट पाण्यात बोट भिजवून भोकाची कड ओली करा, नखाएवढा तुकडा काढा आणि परत पोटाखाली सरकवा. पुढचं त्याचं नशीब.

पहिलं पिल्लू निघाल्यापासून दोन दिवसांत आई उठते. उरलेल्या अंड्यांसाठी तिला दाबून बसवू नका.

पिल्लांसाठी बल्ब लावायचा का?

आई असेल तर नाही. हे वाचून काहींना राग येतो, म्हणून का ते सांगते.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. आठ पिल्लं, कोंबडी चांगली, तरी मला चैन पडेना. खुराड्यात शंभराचा पिवळा बल्ब टांगला. संध्याकाळी बघते तर काय, पिल्लं आईखालून निघून बल्बखाली पसरलेली, मऊ, सुस्त, सुखात. कोंबडी एकटी कोपऱ्यात उजेडानं अस्वस्थ होऊन बसलेली. मला वाटलं, बघा, किती आवडलं त्यांना! रात्री तीनच्या सुमारास करंट गेला. अंधारात पिल्लांना आई दिसेना, आईला पिल्लं सापडेनात, ती नुसती हाका मारत राहिली. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही, हे माझ्या ध्यानात नव्हतं. सकाळी चार पिल्लं बल्बच्या बरोबर खाली, एकमेकांना चिकटून, कडक झालेली. बल्ब नसता तर ती आईखालून हललीच नसती.

तेव्हा आई असेल तर अंधार, कोरडी पिंजर आणि आडोसा एवढंच तिला द्या. आई मेली किंवा पिल्लांना मारायला लागली तरच बल्ब. मग पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर बल्ब खाली घ्या, भिंतीकडे पळून धापा टाकत असतील तर वर घ्या. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. आणि करंट जाणार हे धरून चाला. गरम पाण्याच्या दोन बाटल्या कापडात गुंडाळून ठेवायची तयारी हवी.

निखाऱ्यांची शेगडी बंद खुराड्यात कधीही नको. आग लागायची भीती आहेच, पण धुराशिवायचा विषारी वायू पिल्लांना आणि कोंबडीलाही झोपेतच मारतो.

पिल्लू गारठलंय हे कसं कळतं? आणि मग काय करायचं?

आवाजावरून. ऊब मिळालेली पिल्लं आईखालून मधूनमधून बारीक, गोड कुजबुजतात. गारठलेलं पिल्लू एकसुरी, उंच, थांबत नाही असं ‘चीं… चीं… चीं’ करतं. तो आवाज भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. आवाज थांबला आणि पिल्लू एकटं, मान खाली घालून उभं असलं, तर वेळ कमी आहे.

उचला. पाय बोटांच्या मधे धरून बघा. चांगल्या पिल्लाचे पाय कोमट असतात, गारठलेल्याचे पावसातल्या काडीसारखे गार. ओलं असेल तर जुन्या सुती कापडानं टिपा, चोळू नका. मग पदरात, छातीशी धरा. दुसरा कुठलाही उपाय एवढा बरोबर गरम नसतो. चुलीजवळ, तव्यावर, गरम विटेवर ठेवू नका. एका बाजूनं भाजतं आणि दुसऱ्या बाजूनं गारच राहतं. पंधरा-वीस मिनिटांत ते मान उचलायला लागतं, पापण्या उघडतं. मान स्वतः उचलल्यावरच कोमट गुळाच्या पाण्याचा एक थेंब चोचीच्या कडेला लावा. आधी लावलात तर पाणी श्वासनळीत जातं.

तासाभरात ते हातातून उड्या मारायला लागतं. तरी दिवसा आईपुढे टाकू नका. अंधार पडल्यावर मागून हात घालून पंखाखाली सरकवा. आत घातलेल्या हाताला दुसऱ्या पिल्लांची मऊ गर्दी लागते आणि कोंबडी घशातल्या घशात ‘कुर्र’ करते. तो आवाज आला की हात काढून घ्या.

पहिल्या आठवड्यात खायला काय? नुसती कणी चालेल ना?

पहिला दीड-दोन दिवस काहीच नाही दिलं तरी चालतं. पोटात बलक असतं. मग कणी, नाचणा, जोंधळ्याची बारीक भरड. पण नुसत्या कण्यांवर पिल्लू जगतं, वाढत नाही. पिसं उशिरा येतात, आणि पिसं उशिरा आली की थंडी जास्त लागते. बाजारात पिल्लांचं तयार खाद्य मिळतं, त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ते निम्मं आणि घरची भरड निम्मी असं महिनाभर द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना नको, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पैसे घालायचे नसतील तर वाळवी आहे. मडक्यात ओलं शेण, पाचट, फाटकं गोणपाट भरून वारुळाजवळ संध्याकाळी पालथं घाला, सकाळी पिल्लांपुढे झटका. त्यांची मारामारी बघण्यासारखी असते.

पाणी पसरट ताटलीत, आणि ताटलीत खडे भरून. खड्यांमधून चोच जाते, अंग जात नाही. थंडीत भिजलेलं पिल्लू म्हणजे निम्मं गेलेलं पिल्लू. सकाळचं पहिलं पाणी कोमट द्या.

बाहेर कधी सोडायची?

चौथ्या-पाचव्या दिवसापासून, पण घड्याळ बघून नव्हे, गवत बघून. गवतावरचं दव पायाला लागत नाही तोपर्यंत नाही. आमच्याकडे दहा तरी वाजतात, चिकोडीकडे ऊन लवकर पडतं. आईला चरायची घाई असते, ती ओल्या गवतातून लांब चालत सुटते, आणि मागची दोन पिल्लं भिजून पडतात. पहिले दहा दिवस तिला डालग्याखाली उन्हात ठेवा, पिल्लं आत-बाहेर करतील आणि ती लांब जाणार नाही. चारच्या आत सगळ्यांना आत घ्या.

मार्गशीर्षात घरची माणसं सौंदत्तीला यल्लम्माला गेली आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यावर कोंबड्या सोपवल्या, की हमखास दोन पिल्लं कमी होतात. यात म्हाताऱ्याची चूक नाही, त्याला पहाटे पाचला जाग येते आणि तो तेव्हाच खुराडं उघडतो.

बाजारातून आणलेली पिल्लं खुडूक कोंबडीखाली सोडता येतात का?

येतात, पण तीन अटींवर. कोंबडी निदान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली हवी. पिल्लं एक-दोन दिवसांची हवीत. आठवड्याची झालेली पिल्लं तिला आई मानत नाहीत, पंखाखाली जातच नाहीत. आणि काम रात्री, उजेड न करता, एकेक अंडं काढून एकेक पिल्लू सरकवत करायचं. पहाटे उजाडताना स्वतः तिथे बसा. तिनं टोचायला सुरुवात केली तर लगेच काढा. एका कोंबडीला हिवाळ्यात दहापेक्षा जास्त देऊ नका, दोन आठवड्यांची झाली की ती पंखात मावत नाहीत. जत्रेत मिळणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं आणू नका. ती आधीच उपाशी आणि दमलेली असतात, आणि रोग घरी येतो तो वेगळाच.

मानमोडीची लस आई असलेल्या पिल्लांनाही द्यावी लागते का?

द्यावीच लागते. आईची ऊब रोगाला अडवत नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत, कन्नडात कोक्करे रोग. एकदा आली की गल्लीतलं एक खुराडं सुटत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याची झाली की पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी हे इंजेक्शन. बाटली शंभर डोसांची किंवा त्याहून मोठी असते, म्हणून चार घरांनी एक दिवस ठरवून आणा. बर्फात आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा. हवा गार आहे म्हणून बर्फाशिवाय पिशवीतून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

विष्ठेत रक्त दिसतंय.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत ही रक्ती हगवण, आणि तिचं मूळ ओल्या पिंजरीत. आजच सगळी पिंजर काढून जाळा, कोरडं तूस पसरा, दवाखान्यातून अ‍ॅम्प्रोलियम आणून डॉक्टर सांगतील त्या मापानं पाण्यातून द्या. हळदीवर विसंबून दोन दिवस घालवू नका.

पिल्लांना भीती कुणाची जास्त, घारीची की मुंगसाची?

दिवसा घार आणि कावळा, पण त्यांच्याशी आई भांडते. हिवाळ्यात खरी भीती उंदीर-घुशींची. शेतं रिकामी झाली की त्या घराकडे येतात आणि रात्री आईच्या कडेनं पिल्लू ओढून नेतात. सकाळी नुसतं एक कमी असतं, ना पिसं, ना रक्त. अर्ध्या इंचाची जाळी खालून-वरून लावा. साधी कोंबड्यांची जाळी उंदराला अडवत नाही.

आई पिल्लांना कधी सोडते? तेव्हा थंडी असली तर?

सहा ते दहा आठवड्यांत कधीतरी. ती पुन्हा अंडी घालायला लागते, नराजवळ फिरते आणि जवळ आलेल्या पिल्लाला टोचून हाकलते. सहा आठवड्यांच्या पिल्लाला अंगभर पिसं आलेली असतात, त्याला आपली थंडी सोसते. तरी पहिल्या दोन-तीन रात्री सगळी पिल्लं जुन्या बुट्टीच्या जागी येऊन ओरडत बसतात. ती बुट्टी आधीच उचलून ठेवू नका. शेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक रुंद, सपाट दांडी लावा, आणि अंधार पडायच्या सुमारास एकेकाला उचलून तिच्यावर ठेवा. दोन खाली उड्या मारतील, त्यांना पुन्हा ठेवा. चौथ्या रात्री ती आपणहून चढलेली असतात.